मिरजेत आपले स्वागत असो!



‘समाजमाध्यमे आणि छोटे उद्योग’ या विषयावरची ही परिषद मिरजेत भरवायचे ठरले, तेव्हा आम्हा मिरजकरांचा ऊर भरून आला. स्वागत समितीच्या आणि समस्त मिरजकरांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

मिरज म्हटले की बाहेरच्यांना आठवते ते रेल्वे जंक्शन. पण गाडी बदलून पुढे जावे, एवढेच हे गाव नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये इथे रुग्णालय उभारले आणि मिरज आरोग्यनगरी झाली. वासुदेवशास्त्री खरे यांनी इथल्या शाळेत शिकवता शिकवता पटवर्धन संस्थानिकांच्या दप्तरातली पत्रे वाचली, निवडली आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’च्या रूपाने महाराष्ट्राच्या हाती दिली. विष्णु दिगंबर पलुस्कर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले, ते इथेच. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचे 1937 मध्ये दक्षिणेत प्रवासात निधन झाले, पण त्यांना आणले गेले ते मिरजेला, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. आजही उरुसात नामवंत गवई तिथे हजेरी लावतात. आणि 2016 च्या एप्रिलमध्ये तहानलेल्या लातूरला पाण्याची पहिली रेल्वे निघाली, तीही याच स्थानकातून, पाच लाख लिटर पाणी घेऊन!

या साऱ्यांत माझ्या मनात सर्वांत वरचे स्थान आहे ते फरीदसाहेब सतारमेकरांना. मूळचे हे शिकलगार घराणे, तलवारी-भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे दिवस सरले आणि धंदा बसला. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने मिरजेत गवई-वादकांची ये-जा होती, त्यांची वाद्ये नादुरुस्त व्हायची. फरीदसाहेबांनी ती उघडून पाहिली, समजून घेतली आणि हत्यारांवर बसलेला हात सतार-तंबोऱ्याकडे वळवला. बाजार बदलला म्हणून ते रडत बसले नाहीत. हातातली कला तीच ठेवून त्यांनी गिऱ्हाईक नवे शोधले. छोट्या उद्योजकाला याहून मोठा धडा कोणता? आज भारतभर मैफलींत मिरजेचे तंबोरे वाजतात, पण फरीदसाहेबांचे नाव मिरजेबाहेर किती जणांना ठाऊक आहे? म्हणूनच आज या व्यासपीठावरून मी ते आदराने घेतो.

फरीदसाहेबांची जाहिरात केली ती गवयांनी. एकाने दुसऱ्याला सांगायचे, दुसऱ्याने मिरजेची गाडी धरायची. समाजमाध्यमांनी हीच तोंडी शिफारस दूरवर नेली आहे. मात्र तंबोऱ्याचा नुसता फोटो पाठवून भागत नाही. भोपळ्यावरची नक्षी फोटोत दिसते, जवारी, म्हणजे तारांचा खुललेला नाद, दिसत नाही. म्हणून कारागीर घोडी घासून, तारेखाली दोरा सरकवत नाद खुलेपर्यंत बसतो आणि मग फोन जवळ ठेवून चारही तारा संथपणे छेडतो. ते ध्वनिमुद्रण परगावच्या गायिकेला व्हॉट्सॲपवर जाते. ती आपली पट्टी कळवते, कारागीर त्या पट्टीला तंबोरा लावून पुन्हा ऐकवतो. मध्ये दलाल नाही, मुंबई-पुण्यात दुकानाचे भाडे नाही. वर्षानंतर तार तुटली, तर ती कशी बसवायची हेही व्हिडिओ कॉलवर दाखवता येते.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या शेजारच्या सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला ते आधीच मिळाले होते. पण मानांकनाचा कागद भिंतीवर टांगून माल खपत नाही, तो गिऱ्हाइकाला दिसावा लागतो. व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाची यादी दरासह मांडायला, गुगलच्या नकाशावर दुकान दाखवायला पैसे पडत नाहीत. पापड, मसाले, चपला, दागिने, आपला माल कोणताही असो, तो बनताना लोकांना दाखवा. दर स्पष्ट सांगा, विचारणेला त्याच दिवशी उत्तर द्या. मोठ्या कंपनीकडे पैसा आहे, पण मालकाने स्वतः दिलेले उत्तर आपल्याचकडे मिळते. बाकीचे तज्ज्ञ सांगतीलच. मी त्यांच्या वेळेवर अतिक्रमण करत नाही.

आता क्षमायाचना. आपली निवास-व्यवस्था तीन मंगल कार्यालयांत विभागावी लागली, काहींना पायपीट पडली. सकाळी गरम पाणी उशिरा मिळाले, मांडवात मोबाइलला रेंज कमी आहे; केबलवाले बंधू खटपट करत आहेत. जेवणाच्या पंगतीत तिखट जास्त वाटले तर वाढप्यांना हक्काने सांगा, ताक-दही मुबलक आहे. उणे राहिले असेल ते आमच्या पदरात घाला, स्वयंसेवकांना बोल लावू नका. ही मुले रात्रभर स्टेशनवर उभी होती.

आणि ऋणनिर्देश. हळदीच्या पेठेतल्या व्यापाऱ्यांनी मागण्याआधी थैली पुढे केली. मंडपवाल्यांनी भाडे घेतले नाही. एका डॉक्टर दांपत्याने दोन्ही दिवसांच्या भोजनाचा भार उचलला आणि नाव छापू नका अशी अट घातली. बचत गटांच्या भगिनींनी न्याहारी सांभाळली, सतारमेकर बंधूंनी प्रदर्शनासाठी तयार वाद्ये विश्वासाने दिली, शाळेने मैदान दिले, नगरपालिकेच्या काळापासून झाडलोट करणाऱ्या कामगारांनी पहाटेच परिसर लखलखीत केला. या सर्वांचे मिरज ऋणी आहे.

पाहुणेहो, परतण्यापूर्वी सतारमेकर गल्लीत जरूर जा, कारागिरांशी बोला, त्यांची परवानगी घेऊन कामाचे चित्रण करा आणि आपल्या गावच्या लोकांना पाठवा. आपला माल, आपले कसब आम्हालाही कळवा. मिरजकर खात्रीने गिऱ्हाईक होतील.