भाईजानची खिडकी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

साथीचा रोग पसरू नये म्हणून अंगावर घालायच्या साधनांवर बोला, असं मला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी कविता लिहिणारा माणूस. शिकलो बी. ए. पर्यंत, तेही मराठी घेऊन. सायकलपलीकडचं यंत्र मला कळत नाही. पण माझे थोरले भाऊ, आमचे भाईजान, अमळनेरात शिंपीकाम करतात आणि लहानपणच्या एका तापात त्यांचे दोन्ही कान गेले. साथ, कापड आणि ऐकणं या तिन्ही गोष्टी त्यांच्या मशीनवर एकत्र आल्या. त्या सांगाव्यात म्हणून आलो.

सुरुवात मात्र दादीपासून करतो. तिच्या घोट्यावर नारूचा वण होता. आजच्या मुलांना नारू म्हटलं की कळत नाही, हे चांगलंच आहे. पायऱ्यांच्या विहिरीत लोक उतरायचे, ज्याच्या पायाला जखम असेल त्याच्याकडून पाण्यात अळ्या जायच्या, त्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जिवाच्या पोटात वाढायच्या आणि ते पाणी प्यालेल्या माणसाच्या पायातून सुमारे वर्षाने दोन हात लांबीचा जंत बाहेर पडायचा. तो काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. त्यावर लस नव्हती, औषधही नव्हतं. पाणी गाळून पिणं, एवढाच उपाय. दादी पदर दुहेरी करून घड्यावर धरायची. देशात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

सुदानमधल्या गुराख्यांपुढे अडचण वेगळी होती. रानात हिंडणारा माणूस घडा आणि पदर बरोबर कुठून नेणार? मग एक बोटाएवढी नळी निघाली. तिच्यात बारीक जाळी, वर दोरी. ती गळ्यात ताईतासारखी अडकवायची आणि डबक्यातलं पाणी तिच्यातून ओढून प्यायचं. २००१ मध्ये अशा नव्वद लाखांहून अधिक नळ्या वाटल्या गेल्या. दादीचा पदरच तो, फक्त चालत्या माणसाच्या गळ्यात आलेला. ही नळी ज्याने कुणी आखली, त्याने गुराख्याचा दिवस नीट पाहिला असणार.

मास्कची गोष्टही अशीच जुनी आहे. १९१०-११ मध्ये मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग आला. पेनांगचे डॉक्टर वू लिएन-तेह यांनी ओळखलं की हा उंदराच्या पिसवांवर थांबलेला नाही, माणसाच्या श्वासातून चालला आहे. त्यांनी जाळीदार कापडाच्या घड्यांत कापूस भरून तोंडावर बांधायला सांगितलं. मेस्नी नावाच्या फ्रेंच डॉक्टरांना ते पटलं नाही. ते उघड्या तोंडाने रुग्णांकडे गेले आणि काही दिवसांत प्लेगनेच वारले.

आता आमच्याकडे या. एप्रिल २०२० मध्ये अमळनेरात रुग्ण सापडू लागले. ब्लाऊज कुणी शिवून घेईना, म्हणून भाईजान मास्क शिवू लागले. आमचे अब्बा प्रताप मिलमध्ये होते, त्यामुळे कापडाचा पोत बोटाने ओळखणं घरातच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जूनमध्ये तीन थर सुचवले: आत घाम शोषणारं सुती, मध्ये न विणलेलं कापड, बाहेर पाणी न धरणारं. भाईजानच्या हाती सुती होतं, अस्तर होतं आणि मधल्या थराला बाजाराच्या पिशव्या. एन-९५ ची गोष्ट निराळी. त्याच्या आतल्या तंतूंवर विजेचा भार असतो, तो कणांना खेचून धरतो. साबणाने धुतलं की भार जातो, हे आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे धुऊन वाळत घालत होते!

गिऱ्हाइकं तक्रारी आणायची. चष्म्यावर वाफ येते. भाईजाननी मोटार रिवायंडिंगच्या दुकानातली तांब्याची तार नाकावरच्या शिवणीत घातली. बायकांनी सांगितलं, ओढणीखाली कानाला अडकवता येत नाही. मग मागे बांधायच्या नाड्या आल्या. माझ्या दाढीवर मात्र त्यांच्याकडे इलाज नव्हता. दाढी असली की कडेने हवा निसटते. मी ती काढली. अम्मी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आणि इतकं करून भाईजान एकटे पडले. ते ओठ वाचतात. सगळ्या गावाचे ओठ त्यांनी स्वतःच झाकून टाकले होते. तेव्हा अमेरिकेतल्या केंटकीत एक विद्यार्थिनी पारदर्शक खिडकीचे मास्क शिवत असल्याची बातमी मी त्यांना दाखवली. त्यांनी पुस्तकाच्या प्लास्टिकची खिडकी लावून पाहिली. मे महिन्यातलं खानदेशचं ऊन. दोन वाक्यांत वाफ धरली. आतून साबण चोळला, तर पाच वाक्यं. तो मास्क खुंटीला लागला.

एप्रिल २०२१ मध्ये भाईजानना ताप आला. एका दवाखान्यात दाखल केलं. त्यांना ऐकू येत नाही हे मी दारातच सांगितलं होतं. पुढे कुणापर्यंत पोचलं नाही. आत सगळे डोक्यापासून पायापर्यंत किटमध्ये. त्यांना फक्त डोळे दिसायचे. कुणी काही विचारलं की ते मान हलवायचे, हो म्हणून. जेवलात का? हो. औषध घेतलं? हो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका सिस्टरच्या लक्षात आलं की हा माणूस उपाशी आहे. तिने औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून विचारलं. भाईजाननी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि ते परत द्यायलाच तयार होईनात.

अकराव्या दिवशी ते घरी आले. मी म्हटलं, भाईजान, आता ती खिडकी पुन्हा करू, चांगलं प्लास्टिक मागवू. त्यांनी मान हलवली, या वेळी नाही म्हणून. मास्क समोरच्याने घालायचा असतो छोटे, असं ते म्हणाले. शंभर जणांना खिडकी कोण लावणार? मी घालीन ते माझ्या हातात आहे.

त्यांनी पांढऱ्या सुती कापडाची पट्टी घेतली. मजकूर मी सुचवला, चांगला तीन ओळींचा. त्यांनी वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि लाल दोऱ्याने चारच शब्द भरले: ऐकू येत नाही. लिहा.

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यात मास्कची सक्ती उठली. गावाचे ओठ भाईजानना परत मिळाले. पट्टी मात्र त्यांनी काढलेली नाही. नवा सदरा शिवला की ती उसवून त्यावर लावतात, आणि तिच्याखाली पेन्सिलीपुरता एक अरुंद खिसा.