जलमॉसची जोपासना आणि प्रकाशाचा हिशेब

मराठीत ‘शेवाळ’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पावसाळ्यात विहिरीच्या पायऱ्यांवर चढणारा मऊ हिरवा थर हेही शेवाळ आणि टाकीच्या काचेवर धरणारा बुळबुळीत लेप हेही शेवाळच. वनस्पतिशास्त्र मात्र पहिल्याला मॉस आणि दुसऱ्याला शैवाल म्हणते. मत्स्यालयासाठी जलवनस्पती वाढवणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा भेद केवळ शास्त्रीय नाही. त्यांच्यासाठी मॉस हे पीक आहे, तर शैवाल हे तण. दोन्ही एकाच पाण्यात आणि एकाच दिव्याखाली वाढतात, आणि एकदा तंतुमय शैवाल मॉसच्या जाळीत शिरले की दोन्ही वेगळे करणे जवळजवळ अशक्य होते. तो माल मग विकता येत नाही.

पश्चिम बंगालमधील हावडा आणि चोवीस परगण्यांत, तसेच चेन्नईच्या कोळत्तूर भागात घराच्या अंगणात, गच्चीवर किंवा सिमेंटच्या लहान टाक्यांत शोभिवंत मासे वाढवण्याचा व्यवसाय स्थिरावला आहे. त्यात महिलांचा वाटा मोठा आहे. शोभिवंत माशांच्या जागतिक व्यापारात भारताचा हिस्सा अजूनही एक टक्क्याहून कमी आहे आणि जी निर्यात होते तिचा बराचसा भाग ईशान्येकडील नद्या-ओढ्यांतून पकडलेल्या माशांचा राहिला आहे. पकडण्याऐवजी पैदास करावयाची असेल, तर मॉसचे महत्त्व वाढते. झेब्रा, बार्ब यांसारखे मासे अंडी विखरून टाकतात आणि संधी मिळताच स्वतःच ती खातात. मॉसच्या दाट जाळीत पडलेली अंडी वाचतात आणि जाळीतील सूक्ष्मजीव हे पिलांचे पहिले अन्न ठरते. म्हणजेच मॉस ही केवळ दिवाणखान्यातील शोभा नव्हे. पैदास करणाऱ्याच्या दृष्टीने तो उत्पादनाचा एक घटक आहे.

बाजारात सर्वाधिक खपणाऱ्या प्रकाराला जावा मॉस म्हणतात. टॅक्सिफायलम बार्बिएरी हे त्याचे शास्त्रीय नाव. मात्र अनेक वर्षे ते व्हेसिक्युलॅरिया दुबियाना या भलत्याच नावाने विकले गेले. मॉसला खरी मुळे नसतात. जे तंतू दिसतात ते केवळ लाकडाला वा दगडाला धरून राहण्यासाठी असतात. अन्नद्रव्ये व पाणी ते पानांतूनच शोषते आणि ही पाने बहुधा एकाच पेशीच्या जाडीची असतात. त्यामुळे तळाशी महागडी माती घालण्याची गरज नाही. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याने वाढ वेगाने होते हे खरे. परंतु लहान उत्पादकाला तो खर्च अनिवार्य नाही.

प्रकाशाचे गणित मात्र नीट समजून घेतले पाहिजे. मॉस ही मुळात सावलीतील वनस्पती आहे. ढोबळ मानाने दर लिटर पाण्यामागे १० ते २० ल्युमेन प्रकाश तिला पुरतो. दोन फूट लांब आणि एक फूट रुंद व उंच टाकीत सुमारे ५७ लिटर पाणी मावते. ९ वॅटचा साधा एलईडी दिवा सुमारे ९०० ल्युमेन प्रकाश देतो. वर पांढरी झाकणी बसवली तर एवढा एक दिवा या टाकीला पुरेसा होतो. रोज ८ तास लावल्यास महिन्याला सव्वादोन युनिटपेक्षाही कमी वीज लागते. युनिटचा दर ८ रुपये धरला तरी हा खर्च सतरा-अठरा रुपयांच्या घरात राहतो. ‘उजाला’ योजनेच्या घाऊक खरेदीत एलईडी दिव्याचा दर २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरला होता, हेही येथे आठवावे.

दिवा स्वस्त झाल्याने एक नवा प्रश्न उभा राहिला. वाढ मंद दिसली की एकाच्या जागी दोन दिवे लावले जातात आणि ते रात्री उशिरापर्यंत जळत राहतात. वनस्पतीची वाढ सर्वांत तुटपुंज्या घटकाने ठरते. पाण्यातील कार्बन डायऑक्साइड तेवढाच राहिला, तर वाढीव प्रकाशाचा मॉसला उपयोग होत नाही. तो शैवालाच्या पथ्यावर पडतो. म्हणून नव्या टाकीत सहा तासांपासून सुरुवात करावी, आठ तासांपुढे सहसा जाऊ नये आणि टाकी खिडकीतील थेट उन्हात ठेवू नये. शैवालाचे पहिले धागे दिसताच ते हाताने काढून प्रकाशाचे तास कमी करावेत. (पाण्यावर टांगलेल्या दिव्याची वायर आणि अर्थिंग तपासणे हाही जोपासनेचाच भाग समजावा.)

आपल्या हवामानात खरी टंचाई प्रकाशाची नसून थंड पाण्याची आहे. २० ते २५ अंश सेल्सिअसला मॉस उत्तम वाढते. पाणी ३० अंशांपुढे गेले की वाढ खुंटते, कारण उष्णतेने वनस्पतीचा श्वसनावरील खर्च वाढतो आणि शिल्लक घटते. एप्रिल-मे महिन्यांत टाक्या सावलीत हलवणे, ओले गोणपाट गुंडाळणे, पाण्यावर पंख्याचा वारा सोडणे हे उपाय दिव्यावरील खर्चापेक्षा अधिक फलदायी ठरतात.

बाकीची निगा सोपी, पण सातत्याची आहे. मॉसचा पातळ थर सुती दोऱ्याने लाकडाला बांधावा. जाड गठ्ठा बांधल्यास खालच्या थराला प्रकाश व पाणी पोहोचत नाही. तो तपकिरी पडून सुटतो. त्यासाठीच नियमित छाटणी करावयाची. आठवड्याला सुमारे एक चतुर्थांश पाणी बदलावे. नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी आदल्या दिवशी भरून ठेवावे. माशांसाठीची तांबेयुक्त औषधे या टाकीत वापरू नयेत.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत माशांच्या परसातील घटकासाठी ३ लाख रुपये खर्च गृहीत धरण्यात आला. त्यावर सर्वसाधारण लाभार्थ्यांना ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्याची तरतूद झाली. ही तरतूद स्वागतार्हच आहे. परंतु अनुदान टाकी, पंप आणि दिवा यांसारख्या मोजता येणाऱ्या वस्तूंवर मिळते. मॉस मात्र पहिल्या उन्हाळ्यात, रोजच्या निगेअभावी जाते. साहाय्याचा काही भाग पहिल्या वर्षभराच्या मार्गदर्शनासाठी राखून ठेवला, तर टाक्या कमी बसतील, पण चालू राहणाऱ्या टाक्या वाढतील.

विक्रीच्या बाबतीत मॉस सोयीचे आहे. ओलसर कागदात गुंडाळून, पिशवीत बंद करून, उन्हापासून दूर ठेवल्यास ते काही दिवस टिकते. माशांसारखी प्राणवायू भरलेली पिशवी लागत नाही. पाठवण्यापूर्वी मात्र गोगलगायींची अंडी आणि शैवालाचे धागे तपासावेत. छाटणीचा कचरा नाल्यात किंवा ओढ्यात टाकू नये, कारण मत्स्यालयांतून सुटलेला सकर मासा पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत पोहोचून तेथील मच्छीमारांची डोकेदुखी झाला आहे. मॉसचा कचरा कडक उन्हात पूर्ण वाळवून बागेतील खतात मिसळावा.