एक 'व' कमी पडतो
सोलापुरात पूर्व भागातल्या घरात तेलुगू, अक्कलकोटच्या पाहुण्यांशी कन्नड, शेजारी दखनी, शाळेत मराठी. एवढ्या भाषा सहज बोलणारं पोर इंग्रजीत 'वेस्ट'पाशी का अडतं? या चारही भाषांचं एकाच 'व'वर भागतं. इंग्रजीला दोन लागतात. बनियनचा 'वेस्ट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. पश्चिमेच्या 'वेस्ट'ला ओठांचा चंबू होतो. हा फरक आधी कानाला कळावा लागतो, आणि लहान वयात तो लवकर कळतो. पण वर्गात तो ऐकूच आला नाही, तर पोरांना दोष कसला? त्यात, कुणी हसेल म्हणून गप्प बसायची सवय! मोठ्यांनी आरसा घ्यावा, आधी दात टेकवून बघावेत, मग चंबू.