शेजारची सीट रिकामी ठेवा

पालकहो, आणि मागच्या रांगेतून शिट्ट्या मारणाऱ्या मित्रांनो,

पत्रात मला विषय दिलाय ‘सुरक्षित वाहनचालन’. कोल्हापुरात ड्रायव्हिंग स्कूल चालवते म्हणून बोलावलंत. पण समोर तो सायकल स्टँड दिसला आणि विषय बाजूलाच पडला. आमच्या वेळी तिथं सरांच्याही सायकलीच असायच्या. चारचाकी एकच, भूगोलाच्या बाईंची प्रीमियर पद्मिनी. तिचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला. बाई पदर खोचून गाडी रिव्हर्स घ्यायला लागल्या की अख्खा वर्ग खिडकीत! पन्हाळ्याच्या सहलीला आम्ही एसटीत आणि पुढं घाटात बाईंची गाडी. गाडीत त्या एकट्याच. भूगोल विसरले, ती वळणं नाही विसरले. बाई, तुम्ही समोर बसलाय म्हणून सांगत नाही हं.

बरं, विषय. १८ पूर्ण झाली की लर्निंग लायसन्स काढा. ते ६ महिने चालतं. ३० दिवसांनंतर पक्क्याची टेस्ट देता येते. नियमाप्रमाणे स्कूलमध्ये निदान २१ दिवस, त्यात १० तास प्रत्यक्ष गाडीवर. क्लच हळू सोडा, आरसे बघा. झालं. बाकीचं आमचे ट्रेनर सांगतील.

मला बोलायचंय ते त्याच्या पुढचं. कितीतरी मुली झटक्यात टेस्ट पास होतात आणि लायसन्स कपाटात जातं. बाहेर निघतं ते बँकेत ओळखपत्र म्हणून! कारण शेजारची सीट. शिकताना तिथं ट्रेनर असतो, त्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. पुढं तिथं वडील बसतात, मग नवरा. त्यांच्या पायाखाली ब्रेक नसतो, म्हणून तो तोंडात असतो. “अगं दाब, दाब!”

म्हणून सांगते, पक्कं लायसन्स आलं की ती सीट रिकामी ठेवा. सुरुवातीला पहाटे रंकाळ्यापर्यंत एकटीनं जाऊन या. महाद्वार रोड नको, तिथं मीही गाडी घालत नाही. दाभोळकर कॉर्नरला सिग्नलवर बंद पडली तर मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू देत. चावी फिरवा आणि निघा. सध्या उसाचा हंगाम आहे. रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या दोन ट्रॉल्या पुढं आल्या तर ओव्हरटेक करायचं की मागं राहायचं, हे तुमचं तुम्हाला ठरवता आलं पाहिजे. मागं राहायचं, हे मी सांगून ठेवते.

पोरांनो, हसू नका. तुमचं उलटं, सोळाव्या वर्षीच एकटे सुटता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडीवर गुन्हा केला तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, वर २५ हजार दंड. गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द. पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. बघा, पुढचे काही पालक एकदम मोबाइलमध्ये शिरले!

आणि तिसऱ्या खुर्चीवरचे काका, तुमची कन्या मघाशी स्वागताला होती. लायसन्स येऊन दीड वर्ष झालं म्हणाली. चावी कुणाकडं आहे? खिशाकडं हात गेला ना! आज तिला गाडी नेऊ द्या. तुम्हाला कळंब्याला घरी मी सोडते.