बाळाची नोंद, आईचे माहेर
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणात आरोग्य, संस्कार किंवा गृहोद्योग यांपैकी एखादा विषय असावा असा आपला रिवाज आहे. मी आज बोलणार आहे ती जन्माच्या दाखल्याविषयी. विषय रूक्ष वाटेल. परंतु एका कागदावाचून मुलीचा प्रवेश अडला की त्या घरात चूल पेटत नाही, हे आपण सर्वजणी पाहतो. आणि हा कागद मिळवण्यासाठी लागणारी माहिती बहुतेक वेळा घरातील पुरुषांपाशी नसते. ती आपल्याजवळ असते. म्हणूनच हा विषय महिला मंडळाचा आहे.

आधी जुन्या नोंदी कशा होत, ते पाहू. आपला चांदा जिल्हा मध्यप्रांतात होता, तेव्हा गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर पोलीस ठाण्यात नेऊन देत असे. त्याच्याजवळ एक वही असे. तिलाच आपल्याकडे कोतवाल बुक किंवा कोतवाल पंजी म्हणतात. मुलगा की मुलगी, बापाचे नाव, जात, गाव आणि तारीख एवढेच तिच्यात लिहिले जाई. जंगलातली वाट, पावसाळ्यातले नाले आणि पायी प्रवास लक्षात घेता काही नोंदी राहून गेल्या, तर नवल नाही. नवल हे की इतक्या नोंदी झाल्या.

पुढे राज्ये बदलली. मध्यप्रांताचा मध्य प्रदेश झाला, १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो आणि १९६० साली महाराष्ट्रात. राजुऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. तो तालुका हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये तो नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये आपल्या जिल्ह्यात. त्यामुळे त्या बाजूचा जुना कागद उर्दूत निघाला तर गोंधळून जाऊ नये. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. कोरपना, जिवती, मुलचेरा, भामरागड हे तालुके तर नंतरचेच. म्हणून जुनी नोंद शोधताना आज गाव कोणत्या तालुक्यात आहे हे विचारून भागत नाही. जन्माच्या साली ते कोणत्या तहसिलीत होते, हे आधी विचारावे. अर्ज तिथल्या अभिलेखागारात करावा लागतो.

आता दुसरा प्रश्न. कोणत्या गावची वही पाहायची? सर्वजण आजोबांच्या गावची वही मागतात. पण भगिनींनो, आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते आणि नोंद होते ती जन्म झाला त्या गावी! आमच्या वॉर्डातील एका मुलीला जातपडताळणीसाठी आजोबांची नोंद हवी होती. ते १९४८ सालचे. त्यांच्या गावच्या वहीत तीनदा शोधले, काहीच मिळाले नाही. घरात कागदांवरून भांडणे होऊ लागली. तेव्हा मी त्यांच्या वृद्ध आत्याबाईंना सहज विचारले, "तुमच्या आईचे माहेर कोणते?" बाई लगेच म्हणाल्या, "ते तर नदीपलीकडे. दादा तिकडेच झाला, रोवणीच्या दिवसांत." त्या गावाची वही काढली. आषाढ महिन्याच्या सुमाराची नोंद सापडली. बापाचे नाव होते, जात होती. बाळाचे नाव मात्र नव्हते, 'मुलगा' एवढेच. मग शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील आजोबांचा उतारा जोडला. दोन्ही कागदांत बापाचे नाव एकच. दोन्ही मिळून काम झाले.

या गोष्टीत सारे आले. वहीत बाळाचे नाव बहुधा नसते, कारण खबर देताना बारसेच झालेले नसते. शाळेतली तारीख आणि वहीतली तारीख पुष्कळदा जुळत नाही, कारण गुरुजींनी अंदाजाने १ जुलै लिहिलेली असते. म्हणून एका कागदावर विसंबू नये. आणि नक्कल घेताना अक्षर न् अक्षर आहे तसेच उतरवून मागावे. आपल्या सोयीसाठी त्यात काना-मात्रेचाही फरक करू नये. तसे करणे गुन्हा आहे आणि पुढे तेच आपल्याच लेकरांच्या अंगावर येते.

जुन्या नोंदीला इतके मोल का? अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० आणि अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० या तारखा धरल्या जातात. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख आहे. त्यापूर्वीचा पुरावा वजनदार ठरतो. वनहक्काचा २००६ चा कायदाही लक्षात ठेवा. आदिवासी नसलेल्या पण पिढ्यान्‌पिढ्या वनात राहणाऱ्या कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास दाखवावा लागतो. पणजोबांच्या जन्माची एक ओळ अशा वेळी जमिनीच्या तुकड्याला आधार देते.

आता आजच्या बाळांविषयी. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची. दवाखान्यात जन्म झाला तर खबर देणे दवाखान्याचे काम, घरी झाला तर कुटुंबप्रमुखाचे. खेड्यात ग्रामपंचायतीत ही नोंद होते. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होते. त्यानंतर वर्षापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीने हे काम जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा नेमून दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आले आहे. त्याआधी नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. २१ दिवसांत एका फेरीत होणारे काम वर्षानंतर किती फेऱ्यांचे होते, याचा हिशेब आपणच करा. जंगलातून तालुक्याला येणारीची तर प्रत्येक फेरी म्हणजे एक बुडालेली रोजी.

बारसे व्हायचे असले तरी नोंद थांबवू नका. नाव नंतर घालता येते. पहिल्या वर्षात त्याला शुल्कही नाही. पण ते घालायला विसरू नका. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, पारपत्र, या साऱ्यांना हाच एक दाखला पुरावा म्हणून लागणार आहे.

आणखी एक गोष्ट सांगते. नोंद न होणे म्हणजे केवळ कागद नसणे नव्हे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' संस्थेचे काम सुरू केले. त्या कामाचा एक पाया गावागावांतील जन्म आणि मृत्यू मोजणे हा होता. २००१ च्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने दाखवून दिले की सरकारी आकड्यांपेक्षा कितीतरी अधिक बालके दगावत होती. जे मूल जन्मल्याचे लिहिलेच नाही, ते गेल्याचे कोण लिहिणार? आणि जे लिहिले नाही, त्यासाठी दवा, दाई, दवाखाना कोण मागणार?

जुन्या वहीत बापाचे नाव असे, आईचे नसे. नऊ महिने जिने पोटात वाढवले, तिला त्या ओळीत जागा नव्हती. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर स्वतःच्या नावापुढे आईचे नाव, मग वडिलांचे, असा क्रम महाराष्ट्राने लावून दिला आहे. ही गोष्ट फार उशिरा झाली, पण चांगली झाली.

मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. पहिली ही की आपल्या वॉर्डात बाळ झाल्याचे कळले की जवळच्या सभासदेने बाळंतविडा घेऊन जावे आणि जाताना 'नोंद झाली का?' असे विचारावे. दुसरी सूचना अशी की प्रत्येकीने या महिन्यात घरातील सर्वांत वृद्ध बाईजवळ बसावे. तिचे माहेर, तिच्या आईचे माहेर आणि कोण कुठे, कोणत्या हंगामात जन्मले, हे एका वहीत लिहून घ्यावे. मोहफुलांच्या दिवसांत, रोवणीत, पोळ्याच्या आदल्या दिवशी, ती सांगेल तसे. सरकारी वहीला वाळवी लागलेली असू शकते. पण तिच्या आठवणीवरून कोणत्या गावची, कोणत्या सालची वही उघडायची, एवढे तरी कळेल. ती आहे तोवर विचारून घ्या.