लाकूडतोड्याची सिमेंटची माणसं

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात फिलिप्स नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम दीड हजार. तिथे फ्रेड स्मिथ नावाचा एक लाकूडतोड्या राहत असे. लिहिता-वाचता न येणारा हा माणूस १९४८ साली, साठी उलटल्यावर, घराजवळच्या जागेत सिमेंटची शिल्पं करू लागला. १९६४ मध्ये पक्षाघाताने हात थांबला, तोवर २३७ झाली होती. लिंकन, घोडे, हरणं, गावातली माणसं. अंगावर जडवलेल्या काचा बिअरच्या बाटल्यांच्या. शेजारीच त्याचा स्वतःचा गुत्ता होता, तेव्हा बाटल्यांना काय तोटा!

१९७६ मध्ये तो गेला. कोहलर फाउंडेशनने जागा विकत घेतली, दुरुस्ती हाती घेतली आणि १९७७ च्या जुलैत वादळ आलं. बहुसंख्य शिल्पं मोडली.

मी सिमेंटच्या मूर्ती दुरुस्त करतो, त्यामुळे ती का मोडली हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्मिथने आतला सांगाडा लाकडाचा केला होता, त्यावर तार गुंडाळून सिमेंट थापलं होतं. बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या आकृत्यांत पाणी मुरलं आणि आतलं लाकूड कुजलं. तिकडच्या थंडीत मुरलेल्या पाण्याचा बर्फ होतो, तो फुगतो, भेग रुंदावते. आपल्याकडे बर्फ नाही, पण आतली सळई गंजली की तीही फुगते आणि सिमेंट फोडते.

अशा वेळी कुणीतरी म्हणतंच, 'नवीनच करून टाका की!' स्मिथची माणसं बेढब आहेत, ताठ आहेत. दुरुस्त करणाऱ्याला नाक-डोळे नीट करायचा मोह होणारच. पण मग त्यात स्मिथ कुठे राहिला? फिलिप्समध्ये त्याचीच शिल्पं सांधून पुन्हा उभी केली आणि १९७८ मध्ये बाग प्राइस काउंटीकडे, म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदेसारख्या यंत्रणेकडे, सोपवली.

आपल्या बागांतल्या सिमेंटच्या हत्तींना मात्र पाहुणे येणार म्हटलं की ऑइलपेंट मिळतो. भेग झाकली जाते, पाणी आतच कोंडतं. तुमच्या गावच्या हत्तीच्या पायाशी तांबूस ओघळ दिसतात का, एकदा बघा. दिसले तर रंगाचा डबा उघडण्याआधी तेवढा भाग खरवडून गंज काढायला सांगा. पावसाळ्याआधी सांगा.