कपाशीला बेवड हवा : ग्रीकांची जुनी शेती आणि आपले रान

मुकुटबन भागात आपण पिढ्यान्‌पिढ्या पऱ्हाटी लावतो. या पिकाची कीर्ती फार जुनी. सुमारे 2300 वर्षांपूर्वी थिओफ्रास्टस या ग्रीक पंडिताने लिहून ठेवले की, हिंदुस्थानात सपाट रानात ओळीने लावलेल्या झाडांना लोकर येते आणि लांबून ते रान द्राक्षमळ्यासारखे दिसते. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक पुस्तकात तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर, येथून कापड गाड्यांनी भडोच बंदरात जाई, अशी नोंद आहे.

पण याच थिओफ्रास्टसची दुसरी गोष्ट आपल्या जास्त कामाची. ग्रीस देश डोंगराळ, पाऊस बेताचा, तोही हिवाळ्यातला. गहू किंवा जव काढल्यावर तिथला शेतकरी बरेचदा एक वर्ष रान पडीक ठेवी आणि नांगरून तण मोडी. मॅसिडोनिया व थेसली भागात तर वालासारखे द्विदल पीक फुलावर आले की ते तसेच नांगराने गाडत. रान कसदार होते, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. कारण कळले ते एकोणिसाव्या शतकात. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात.

आता आपले बघा. कपाशीवर कपाशी घेतली, की खताचा खर्च वाढतो आणि जमिनीचा पोत उतरतो. रान पडीक ठेवणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही. मग काय करावे?

1. कपाशीच्या दर आठ तासांनंतर तुरीचा एक तास पेरा. तुरीचा पाला रानातच पडू द्या.

2. रब्बीसाठी ठेवलेल्या तुकड्यात पहिल्या पावसावर ताग पेरा. एकरी 20 ते 25 किलो बी लागते. दीड महिन्यात, फुलावर येताच, जमिनीत ओल असताना गाडा. उशीर केला तर खोड निबर होते, लवकर कुजत नाही.

3. दरवर्षी एका तुकड्यात तरी कपाशीऐवजी ज्वारी, सोयाबीन किंवा मूग घ्या. पुढच्या वर्षी तुकडा बदला.

एका हंगामात चमत्कार होणार नाही. यंदा अर्ध्या एकरावर करून पाहा, शेजारच्या तुकड्याशी ताडून पाहा आणि मगच वाढवा. रान आपले आहे, ते पुढच्या पिढीच्या हाती कसदार द्यायचे आहे.